हार्ट फेल्युअर: आरामाची गोळी आणि आयुष्याची गोळी

मराठीत ‘हार्ट फेल झाले’ याचा अर्थ एकच: माणूस गेला. निधनाच्या बातम्यांतून आणि पारावरच्या गप्पांतून हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे, की रुग्णालयाच्या कागदावर ‘हार्ट फेल्युअर’ लिहिलेले दिसताच घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. आत वॉर्डात रुग्ण चहा मागत असतो आणि बाहेर जिन्यात मुलगा गावाकडे फोन लावून ‘बाबांचं काही खरं नाही’ म्हणून रडत असतो. याच्या उलटही घडते. चार-पाच दिवसांत सूज उतरते, दम थांबतो, रुग्ण स्वतःच्या पायांनी घरी जातो. मग ‘फेल्युअर होतं, पण आता बरं झालं’ अशी सगळ्यांची समजूत होते आणि महिना-दोन महिन्यांत गोळ्या बंद पडतात. यातला दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो.

या आजारात हृदय बंद पडलेले नसते. ते चालू असते. पण शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलायला ते कमी पडते, किंवा तेवढे रक्त पुरवण्यासाठी त्याच्या आतला दाब वाढावा लागतो. मुठीएवढा हा स्नायू दिवसाला साधारण एक लाख वेळा आकुंचन पावतो आणि माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवतो. जिना चढताना मागणी वाढते आणि निरोगी हृदय ती निमूट पुरवते. थकलेले हृदय आधी जिन्यावर मागे पडते, मग सपाट रस्त्यावर, आणि शेवटी अंथरुणात पडल्या पडल्याही. हार्ट ॲटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी अचानक बंद होणे. कार्डिॲक अरेस्ट म्हणजे ठोकेच थांबणे. हार्ट फेल्युअर हे या दोन्हींहून वेगळे, वर्षानुवर्षे चालणारे, मधुमेहासारखे सोबत घेऊन जगायचे दुखणे आहे. त्याच्या नावाला जोडला जाणारा ‘कंजेस्टिव्ह’ हा शब्द तुंबण्याबद्दल आहे. पुढे रक्त कमी गेले की मागे जे साचते, ते.

हृदय थकण्याची कारणे अनेक. आपल्याकडे सर्वांत मोठे कारण म्हणजे येऊन गेलेला हार्ट ॲटॅक. स्नायूचा जो भाग मेला तिथे व्रण राहतो आणि उरलेल्या स्नायूवर सगळा भार येतो. वर्षानुवर्षे न तपासलेला किंवा अर्धवट गोळ्यांवर ठेवलेला रक्तदाब हे दुसरे मोठे कारण. मधुमेह, स्थूलपणा, मूत्रपिंडांचे आजार, दारू, काही कर्करोगविरोधी औषधे, विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला आलेली सूज अशी यादी वाढवता येते. तरुण स्त्रियांच्या बाबतीत मात्र दोन कारणे मुद्दाम सांगायला हवीत. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर सांधे सुजवणारा रूमॅटिक ताप येऊन गेला असेल, तर हृदयाची झडप खराब झालेली असू शकते. तिचा त्रास अनेकदा पहिल्यांदा गरोदरपणात उघड होतो, कारण त्या काळात शरीरातले रक्त वाढते आणि हृदयाचे काम वाढते. दुसरे कारण म्हणजे गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत हृदयाचा स्नायूच कमजोर होणे. ‘बाळंतिणीला थकवा असायचाच’ असे म्हणून तो दम घरातच दडपला जातो. आडवे पडल्यावर बाळंतिणीला दम लागत असेल तर तो थकवा नव्हे, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०१३ मध्ये हार्ट फेल्युअरमुळे रुग्णालयांत दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवण्यात आली. त्यांचे सरासरी वय ६१ होते. युरोप-अमेरिकेत असे रुग्ण साधारणपणे सत्तरीच्या आसपास किंवा पुढचे असतात. वर्षभरात त्यांपैकी सुमारे ३१ टक्के दगावले. आणखी एक आकडा विचार करायला लावणारा आहे. ज्यांच्या हृदयाचे पंपिंग कमी होते, अशांपैकी जेमतेम चारांतल्या एकाला घरी जाताना शिफारस केलेली सर्व औषधे लिहून दिलेली होती. केरळची ही स्थिती, तर इतरत्र काय असेल?

मूत्रपिंडांची फसगत

दोष हृदयाचा, तर पाणी पायांत आणि फुप्फुसांत का भरते? या प्रश्नाचे उत्तर समजले की या आजाराचे जवळजवळ सगळे पथ्यपाणी आणि औषधे आपोआप समजतात.

हृदयाकडून रक्त कमी पोहोचू लागले की ते मूत्रपिंडांना लगेच कळते. त्याचे कारण मात्र त्यांना कळत नाही. माणसाच्या लाखो वर्षांच्या वाटचालीत रक्त कमी पोहोचणे याचा अर्थ बहुधा एकच असे: जखमेतून रक्त वाहून गेले आहे किंवा जुलाबांनी, उन्हाने शरीर कोरडे पडले आहे. अशा वेळी जे योग्य तेच मूत्रपिंडे करतात. मीठ धरून ठेवतात, आणि मिठापाठोपाठ पाणी. रेनिन, अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन या रसायनांची साखळी त्यासाठी सुरू होते. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, ॲड्रेनलिनच्या जातीची द्रव्ये हृदयाला ‘आणखी जोरात’ असे हाकारत राहतात. रक्तस्राव झालेल्या माणसाचा जीव यामुळेच वाचतो. पण इथे रक्त कुठे गेलेलेच नसते. इमारतीचा पंप बिघडल्यामुळे वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, आणि पाण्याची टंचाई आहे असे समजून कुणी तरी खालच्या टाकीत टँकरमागून टँकर ओतत राहावे, तसा हा प्रकार आहे. जादा पाण्याने हृदय फुगते, आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलताना आणखी थकते, मूत्रपिंडांकडे आणखी कमी रक्त जाते, आणि ती आणखी पाणी धरतात.

डावी बाजू कमी पडली की रक्त मागे फुप्फुसांत तुंबते. फुप्फुसांच्या नाजूक जाळीत द्रव पाझरतो आणि दम लागतो. ‘फुप्फुसात पाणी झालंय’ हे ऐकून नातेवाईक विचारतात, ‘मग सुईने काढून टाका ना.’ फुप्फुसाभोवतीच्या आवरणात साचलेले पाणी सुईने काढता येते. फुप्फुसाच्या आत, स्पंजात मुरावे तसे मुरलेले पाणी सुईने निघत नाही. ते रक्तात परत येऊन लघवीवाटेच जावे लागते. उजवी बाजू कमी पडली की पाय सुजतात, यकृत तुंबते, पोट जड होते. भूक मंदावते, चार घास खाल्ले की पोट भरते. हे ‘गॅसेस’ समजून महिनोन्‌महिने पाचक चूर्णे घेतली जातात. रात्री येणारा खोकला दमा समजून इन्हेलर सुरू होतो. दोन्ही चुका रोज घडतात आणि दोन्ही एका साध्या प्रश्नाने टळू शकतात.

“झोपताना उशा किती घेता, काका?”

“दोन.”

“आणि दिवाळीत?”

“तेव्हा एकच होती. आता दोन घेऊनही मध्यरात्री उठून खिडकीशी बसावं लागतं.”

अनुभवी डॉक्टरांच्या लेखी या उत्तरात अर्धे निदान झालेले असते. आडवे पडले की पायांतले रक्त छातीकडे परत येते. सशक्त हृदय ते सांभाळते, अशक्त हृदयाला ते झेपत नाही. वाकून चपलेचा पट्टा लावताना किंवा खाली बसून भाजी निवडताना दम लागणे हेही याच जातीचे लक्षण आहे. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागणे, संध्याकाळी चप्पल घट्ट होणे, बांगड्या हातात रुतणे, पायावर मोज्यांचे वळ उमटणे, नाडगाठीचा व्रण पडणे. पायावर बोट दाबून खड्डा पडायला लागतो तोवर शरीरात दोन-तीन लिटर जादा पाणी साचलेले असू शकते. हे लक्षण दिसायला उशीर झालेला असतो, म्हणूनच पुढे वजनकाट्याचा विषय येतो.

निदानासाठी टू-डी एको ही तपासणी मुख्य. त्यात ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ हा आकडा मिळतो, ज्याला बोलीभाषेत ‘पंपिंग’ म्हणतात. भरलेल्या डाव्या कप्प्यातले किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडते, ते. निरोगी माणसातही हा आकडा शंभर नसतो. साधारण ५५ ते ७० असतो. त्यामुळे ‘पंपिंग ४० टक्के’ याचा अर्थ हृदय ६० टक्के गेले असा होत नाही, हे डॉक्टरांनी सांगितले नाही तर घरच्यांनी विचारून घ्यावे. ४० किंवा त्याहून कमी असेल तर पंपिंग कमी झालेले हार्ट फेल्युअर. ५० किंवा त्याहून जास्त असूनही हाच आजार असू शकतो. तिथे स्नायू आकुंचन पावतो, पण ताठर झाल्यामुळे नीट सैलावत नाही आणि भरत नाही. रक्तदाब, मधुमेह आणि वजन जास्त असलेल्या साठीपुढच्या स्त्रियांत हा प्रकार खूप आढळतो. ‘पंपिंग नॉर्मल आहे, काही नाही, वय झालं’ असे सांगून त्यांना घरी पाठवले जाते. अशा वेळी बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी उपयोगी पडते.

या तपासणीमागे एक छान शोध आहे. १९८१ मध्ये कॅनडात अडोल्फो डी बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्याचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांना टोचला. त्या उंदरांना भराभर लघवी होऊ लागली आणि लघवीतून मीठ जाऊ लागले. हृदय म्हणजे नुसता पंप, ही समजूत त्या दिवशी मोडली. ताण पडलेले हृदय स्वतःच मीठ-पाणी बाहेर टाकायला सांगणारी संप्रेरके सोडते. याच कुळातले एक संप्रेरक नंतर, १९८८ मध्ये, जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत सापडले. म्हणून त्याच्या नावात ‘ब्रेन’ राहिले, जरी रक्तात ते येते मुख्यतः हृदयातून. रक्तात ते वाढलेले दिसले की हृदयावर ताण आहे असे समजते.

थकलेला बैल आणि आसूड

पाणी भरण्याचा हा आजार माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. औषध मात्र उशिरा सापडले. इंग्लंडमधील श्रॉपशर भागात एका म्हातारीकडे अशा सुजेवर गुप्त पाला होता. १७७५ मध्ये विल्यम विदरिंग या डॉक्टरांकडे तो पाला आला. वीसेक वनस्पतींच्या त्या मिश्रणात गुण आहे तो फॉक्सग्लोव्ह या एकाच वनस्पतीचा, हे त्यांनी ओळखले, दहा वर्षे रुग्णांवर मात्रा पारखली आणि १७८५ मध्ये पुस्तक लिहिले. त्या वनस्पतीच्या कुळातून आलेले डिजॉक्सिन आजही वापरात आहे. १९६० च्या दशकात फ्युरोसेमाइड आले. आपल्याकडे ती ‘लघवीची गोळी’ म्हणून घराघरांत ओळखली जाते. ती घेतली की तासाभरात लघवी सुटते, दोन दिवसांत दम कमी होतो. रुग्णाला जे जाणवते ते याच गोळीने. म्हणून रुग्णाचा विश्वासही तिच्यावरच बसतो.

इथे या आजारातला सर्वांत मोठा चकवा आहे. आराम देणारे औषध आणि आयुष्य वाढवणारे औषध ही एकच गोष्ट नव्हे. १९९७ मध्ये डिजॉक्सिनच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले: रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण घटले, मृत्यूंचे प्रमाण जसेच्या तसे. त्याआधी १९९१ मध्ये मिलरिनोन या औषधाने तर डोळेच उघडले. हे औषध हृदयाला जोरात आकुंचन पावायला लावते, म्हणजे कागदावर हवे तेच करते. प्रत्यक्षात मिलरिनोनच्या गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यू वाढले, २८ टक्क्यांनी. थकलेल्या बैलावर आसूड ओढला की तो चार पावले झपाझप टाकतो, आणि मग बसतो.

उलट जी औषधे शरीराची ती हाकारणारी साखळी शांत करतात, त्यांनी माणसे वाचली. १९८७ मध्ये उत्तर युरोपातील देशांत २५३ अतिगंभीर रुग्णांवर एनालाप्रिलची चाचणी झाली. सहा महिन्यांत नकली गोळी घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के दगावले, एनालाप्रिल घेणाऱ्यांपैकी २६ टक्के. बीटा-ब्लॉकर या औषधांची कहाणी याहून विलक्षण. ती ठोके मंद करतात, म्हणून हार्ट फेल्युअरमध्ये ती देणे म्हणजे गुन्हाच, असे वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवले जाई. १९७५ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्गच्या फिन वागस्टाइन यांच्या गटाने काही मोजक्या रुग्णांना ती देऊन सुधारणा दाखवली. बहुतेकांनी विश्वास ठेवला नाही. पाव शतकाने, १९९९ मध्ये, मेटोप्रोलॉलच्या मोठ्या चाचणीत मृत्यू ३४ टक्क्यांनी घटलेले दिसले. त्याच वर्षी स्पायरोनोलॅक्टोन या जुन्या, स्वस्त गोळीने गंभीर रुग्णांतले मृत्यू ३० टक्क्यांनी घटवले. २०१४ मध्ये सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन आले. हृदय स्वतः सोडते त्या लघवी सुटवणाऱ्या संप्रेरकांचा शरीरात होणारा नाश त्यातले सॅक्युबिट्रिल थोपवते. २०१९ मध्ये मधुमेहावरचे डापाग्लिफ्लोझिन हे मधुमेह नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांनाही उपयोगी पडते, असे सिद्ध झाले. पंपिंग कमी असलेल्या रुग्णासाठी आज या चार गटांतली औषधे एकत्र, थोड्या मात्रेने सुरू करून वाढवत नेणे हा पायाभूत उपचार आहे. ताठर हृदयाच्या प्रकारात यांतली बरीचशी औषधे तितकी चालत नाहीत. डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिनचा गट मात्र तिथेही भरतीचे प्रमाण कमी करतो.

अडचण अशी, की या चारही गोळ्यांचा परिणाम रुग्णाला त्या दिवशी, त्या आठवड्यात काहीच जाणवत नाही. बीटा-ब्लॉकरने तर सुरुवातीला थकवा वाढल्यासारखा वाटतो. उभे राहिल्यावर डोके हलके होते. एनालाप्रिल गटाने काहींना कोरडा खोकला सुटतो. स्पायरोनोलॅक्टोनने पुरुषांची छाती दुखरी होते आणि संकोचापोटी ते डॉक्टरांना न सांगता गोळीच सोडतात. त्याला पर्यायी गोळी आहे. सांगितले तर मिळते. डापाग्लिफ्लोझिनमुळे लघवीच्या जागी खाज, बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. तोही बरा होतो. आणि खर्च. महिन्याची औषधांची पिशवी घेताना घरातला माणूस केमिस्टला विचारतो, ‘यातली महत्त्वाची कुठली, तेवढीच द्या.’ केमिस्ट बहुधा लघवीची गोळी पुढे करतो. दाखल झाल्यावरचा खर्च सरकारी योजनांतून बऱ्याच अंशी निघतो. घरी रोज घ्यायच्या, दाखल होणे टाळणाऱ्या गोळ्यांचे पैसे बहुतेकांना खिशातून काढावे लागतात. हा व्यवहार उलटा आहे. त्यातल्या त्यात बरे एवढेच, की पेटंटची मुदत संपल्यावर डापाग्लिफ्लोझिनसारख्या औषधांच्या भारतीय कंपन्यांच्या गोळ्या पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्त झाल्या आहेत. पैशांची ओढ असेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. स्वस्त पर्याय प्रत्येक गटात असतात.

घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत दाखल रुग्णांच्या एका गटाची औषधे घरी गेल्यावर दोनच आठवड्यांत, वारंवार तपासणी करून, पूर्ण मात्रेपर्यंत नेली. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती होण्याचे प्रमाण त्यांच्यात १५ टक्के होते, नेहमीच्या संथ पद्धतीत २३ टक्के. म्हणून ‘महिन्याने दाखवा’ असे कार्डावर लिहिलेले असेल, तर ‘आठवड्याने आलो तर चालेल का?’ असे विचारायला हरकत नाही.

भिंतीवरचे कालनिर्णय

घरी करायच्या गोष्टींत सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत जास्त उपयोगाची वस्तू म्हणजे वजनकाटा. सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहापूर्वी, तेवढ्याच कपड्यांत, त्याच काट्यावर. आकडा कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत लिहून टाकावा. सूज उतरून घरी आल्यावरचे वजन हे त्या रुग्णाचे ‘कोरडे’ वजन. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढ झाली, तर ती वाढ जेवणाची नसते. ते पाणी असते. दम लागायची वाट न पाहता त्या दिवशीच डॉक्टरांना फोन करावा. अनेक डॉक्टर अशा वेळी लघवीची गोळी किती वाढवायची हे आधीच लिहून देतात. दिले नसेल तर मागून घ्यावे.

मिठाबद्दल थोडे सविस्तर, कारण मराठी ताटात ते वरणभातापेक्षा डाव्या बाजूला जास्त असते. लोणचे, पापड, चटणी, ठेचा, खारवलेली मिरची, सुकट-बोंबील; आणि ताटाबाहेर फरसाण, शेव, खारे दाणे, खारी-टोस्ट, ब्रेड. भाजीत मीठ कमी घालून वर लोणच्याची फोड घेतली तर हिशेब तिथेच संपतो. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाभरही नाही, एवढेच मीठ सांगते. सैंधव हेही मीठच. बाजारातले ‘लो सोडियम’ मीठ तर या रुग्णांनी स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये. त्यात पोटॅशियम असते, आणि स्पायरोनोलॅक्टोन किंवा एनालाप्रिल गटाच्या गोळ्यांबरोबर रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. रोज शहाळ्याचे पाणी पिण्याचा आग्रहही त्याच कारणाने नको. अतिरेकाची मात्र गरज नाही. मीठ अगदी टोकाला नेऊन कमी केल्याने मृत्यू किंवा भरती टळल्याचे २०२२ च्या मोठ्या चाचणीत दिसले नाही. अळणी जेवणाने माणूस जेवणच सोडतो, खंगतो, तेही घातकच. लिंबू, कोकम, आले, लसूण, जिरे, ताजे खोबरे यांनी चव येते. घरात एकासाठी वेगळी भाजी करण्यापेक्षा सगळ्यांनी कमी मिठाचे जेवावे. रक्तदाब बहुधा मुलालाही असतोच.

पाण्याबाबतही धोरण सैल होत आहे. ‘दीड लिटरच्या वर थेंब नको’ हा नियम सरसकट लावला जाई. २०२५ मध्ये नेदरलँड्समधील चाचणीत स्थिर असलेल्या रुग्णांत पाण्यावर बंधन घालून विशेष फायदा दिसला नाही, तहान मात्र वाढली. सूज आहे, सोडियम उतरले आहे, नुकतेच दाखल होऊन आले आहे, अशांसाठी डॉक्टरांनी सांगितलेले मोजमाप पाळलेच पाहिजे. आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात, किंवा जुलाब-उलट्या झाल्यावर, प्रश्न उलटा होतो: तीच लघवीची गोळी आता शरीर कोरडे पाडते. तेव्हाही स्वतःच्या मनाने निर्णय न घेता फोन करावा. कडक उपवासाआधी विचारून घ्यावे. विशेषतः डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी, कारण उपाशीपोटी किंवा उलट्या होत असताना ती गोळी काही दिवस थांबवावी लागते.

गुडघेदुखी हा तर या वयाचा सोबती. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांना मीठ-पाणी धरायला लावतात. व्यवस्थित चाललेला रुग्ण अचानक सुजून दाखल झाला, की त्याच्या पिशवीत अशी एखादी पाकिटातली गोळी सापडणे ही नित्याची गोष्ट आहे. मेडिकल दुकानातून ‘अंगदुखीची द्या’ म्हणून ती घेतलेली असते आणि डॉक्टरांना सांगायचे राहून गेलेले असते. पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित. तेही पाण्यात फसफसणारे नको, कारण त्यात सोडियम भरपूर असते. ॲसिडिटीवरच्या फसफसणाऱ्या पावडरींचेही तेच. मधुमेहाच्या गोळ्यांत पायोग्लिटाझोन आहे का, हेही एकदा तपासून घ्यावे. तपासणीला जाताना घरातली औषधांची सगळी पिशवी, काढे-चूर्णांसह, घेऊन जावे.

‘हृदय कमजोर आहे, पडून राहा’ हा सल्ला जुना झाला. आजार स्थिर असेल तर रोज चालावे; बोलता येईल इतक्या वेगाने, दम लागला की थांबून. पडून राहिल्याने पायांचे स्नायू वितळतात आणि मग कमी श्रमातही दम लागतो. थकवा औषधांनी हटत नसेल तर रक्तातले लोह तपासावे, हिमोग्लोबिन ठीक असले तरी. या आजारात लोहाच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, शिरेतून दिलेल्या लोहाने फरक पडतो. दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. दोन मजले दम न लागता चढता येत असतील तर पती-पत्नी संबंधांना सहसा हरकत नसते, पण त्यासाठीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. छातीदुखीच्या नायट्रेटच्या गोळ्यांबरोबर त्या जिवावर बेततात.

पूर्ण औषधे घेऊनही पंपिंग कमीच राहिले, तर काही निवडक रुग्णांना विशिष्ट पेसमेकर किंवा घातक ठोके थांबवणारे यंत्र बसवतात. शेवटचा मार्ग प्रत्यारोपणाचा. जगातले पहिले हृदयप्रत्यारोपण डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झाले आणि फेब्रुवारी १९६८ मध्येच मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ती शस्त्रक्रिया केली. रुग्ण काही तासच जगला. भारतात यशस्वी प्रत्यारोपणासाठी त्यानंतर २६ वर्षे जावी लागली; मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा १९९४ मध्ये संमत झाला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी ते केले. आजही गरजूंच्या मानाने मिळणारी हृदये फार थोडी आहेत. बहुसंख्य रुग्णांचे भवितव्य ठरते ते गोळ्यांवर, आणि त्या रोज घेतल्या जातात की नाही यावर.

आणि कधी रात्री अचानक घुसमट झाली, खोकल्यातून फेसाळ, गुलाबी थुंकी येऊ लागली, ओठ निळसर दिसले, तर १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला आडवे करू नये. पाठीला आधार देऊन, पाय पलंगाखाली सोडून सरळ बसवावे; खिडकी उघडावी, भोवतीची गर्दी हटवावी. पाणी पाजू नये. कालनिर्णयचे ते पान आणि गोळ्यांची पिशवी सोबत घ्यावी.